काढू का?

जुन्या मोंढ्याच्या कोपऱ्यावर माझा स्टुडिओ.
वसमतची हळद पाटीवर बसते,
पुसली तरी आठ दिवसांत पुन्हा पिवळी.
एकतीस वर्षं झाली. चेहरे मोजले नाहीत.
पण बटणावर बोट गेलं की तोंडातून आपोआप येतं :
काढू का?

हे काही उपजत नव्हतं.
पहिल्याच लग्नसराईत, कुरुंद्याच्या एका मांडवात
लेकराला पाजत बसलेल्या बाईवर कॅमेरा धरला,
सहज, रोल संपवायचा म्हणून.
बाई उठली. लेकरू जावेकडं दिलं.
माझ्या हातातून कॅमेरा घेऊन मागचं झाकण उघडलं
आणि रोल ओढला उन्हात,
वीतभर, हातभर, सगळा.
शिवी नाही, आरडाओरडा नाही.
नवरीसकट छत्तीस फोटो पांढरे झाले.
मालकानं पैसे दिले नाहीत. बरोबरच केलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ठाण्यातून बोलावणं आलं.
टेबलावर शिवगंगा बिडवेचा फोटो.
बारावीच्या फॉर्मचा, निळी पार्श्वभूमी,
मागं माझाच शिक्का.
शेजारी एक मोबाईल, पालथा ठेवलेला.
त्यात तोच चेहरा आहे म्हणे,
मी 'जरा खाली' म्हणालो होतो तीच हनुवटी,
आणि मानेखाली कुणाचं तरी अंग.
मी हात पुढं केला तर फौजदार नाझनीन मॅडम म्हणाल्या,
"बघायची गरज नाही. मूळ फोटो तुमचा का, एवढंच सांगा."
मोबाईल पालथाच राहिला.

लिहिणारा जमादार अडला :
"मॅडम, चेहरा हिचा, अंग हिचं नाही. कलम कोणतं?"
पंख्याखाली कायद्याचं पुस्तक फडफडत होतं,
नवं, अजून कडक पानांचं.
शिवगंगा म्हणाली, "घरी येऊन माझ्या आईला सांगा ना,
अंग हिचं नाही म्हणून."
बाकावरून तिचा बाप : "राहू द्या साहेब. उगं जाहीर होईल."
"जाहीर झालंय, अप्पा.
आता नोंद तरी होऊ द्या."

मॅडमनी दोन कायदे सांगितले, तीन कलमं.
आकडे ध्यानात राहिले नाहीत.
एवढं कळलं की बनवणाराही गुन्हेगार, पुढं पाठवणाराही,
आणि निम्म्या मोंढ्याच्या फोनवरून ते फिरून गेलेलं.
मला रोज राम राम घालणारे.

ज्या पोरानं केलं
त्याचाही पहिला फोटो माझ्याकडचा.
जावळाच्या दिवशी. रडत होता.
सवयीनं त्यालाही विचारलं, काढू का?
त्याची आई केवढी हसली होती.

माझा जबाब लिहून झाला. वाचून दाखवला.
म्हणलं, एक राहिलं.
'सदर फोटो मी काढला' याच्या आधी लिहा, 'तिला विचारून'.
जमादार म्हणाला, तशी पद्धत नाही.
मॅडम म्हणाल्या, लिहा.

त्या रात्री शटर ओढून
हार्ड डिस्क हातात घेऊन बसलो.
हिचं झाकण कुठून उघडतं?
कोर्ट तारीख देईल, शिक्षाही देईल कदाचित.
ते कुरुंद्याचं ऊन तेवढं
मॅडमच्या पुस्तकात नव्हतं,
मी विचारलं नाही तरी कळलं.

मार्चमध्ये ती आली. एकटीच.
नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता.
स्टुलावर बसली. मी दिवे लावले.
ओढणी नीट केली, पुन्हा सोडली, पुन्हा नीट केली.
कॅमेरा डोळ्याला लावून विचारलं.
"थांबा," म्हणाली.
थांबलो.
बाहेर कुणीतरी झेरॉक्ससाठी
काचेवर नाणं वाजवत होतं.
दिवे तापत होते.